दोन सुटकेसमधली साडेचार हजार चित्रं

इअरफोन नीट लावा, आजचा एपिसोड जरा लांबचा आहे. प्रागजवळच्या एका तटबंदीच्या गावात जायचंय. पण सुरुवात माझ्या घरातल्या टीव्हीपासून करतो.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. मी पाचवीत होतो. संध्याकाळी आजी देवापाशी दिवा लावून उठली आणि टीव्हीवर बातमी आली, की कोलंबिया हे अंतराळयान परत येताना आकाशातच तुटलं. आत कल्पना चावला होती. आजीने तिला कधी पाहिलेलं नाही, तरी घरातलं कोणी गेल्यासारखी ती रडली. सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. यानात आणखी सहा जण होते. त्यांची नावं आम्हाला कुणी सांगितली नाहीत आणि आम्हीही विचारली नाहीत.

त्या सहा जणांत एक होता इलान रामोन, इस्रायलचा पहिला अंतराळवीर. त्याची आई आणि आजी ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर पडल्या होत्या. जाताना त्याने सोबत एका चित्राची प्रत नेली होती. साधं पेन्सिलचं चित्र. चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि त्यांच्यापलीकडे काळ्या आकाशात लटकलेली आपली पृथ्वी. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. हे चित्र त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीचं, आणि काढणारा मुलगा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. नाव पेत्र गिंझ. जन्म १ फेब्रुवारी १९२८. यान तुटलं त्या दिवशी तो ७५ वर्षांचा झाला असता.

हे मला कॉलेजात असताना कळलं आणि अंगावर काटा आला. पण योगायोगाचं कौतुक एका मर्यादेपर्यंतच. मला खरं कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. हे चित्र पेत्रने काढलं ते नाझींच्या कैदेत. तिथे त्याला कागद कुठून मिळाला? आणि तू काढ, तू लिही, आम्ही बघतो, असं म्हणणारं मोठं माणूस तिथे कोण होतं?

त्या गावाचं नाव तेरेझीन. प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटर. अठराव्या शतकाच्या शेवटी सम्राट दुसऱ्या जोसेफने बांधलेलं किल्ल्याचं गाव. आईच्या, म्हणजे मारिया तेरेझाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. भोवती तट, आत सैन्याच्या बराकी. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना आणून कोंडायला सुरुवात केली. युद्धाआधी जिथे सातेक हजार लोक राहायचे, तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० च्या आसपास माणसं होती. आपल्या लोकलच्या डब्यात सकाळी साडेआठला असते ना, ती गर्दी डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे कुठलंच स्टेशन येत नाही. उपासमारीने आणि आजाराने तेरेझीनमध्येच सुमारे ३३,००० माणसं मेली. आणखी सुमारे ८८,००० जणांना तिथून पूर्वेकडे, बहुतेकांना ऑश्विट्झला पाठवलं गेलं.

मुलांना शिकवायला बंदी होती. गणित, इतिहास, भूगोल, सगळं चोरून. कोणी येतंय का बघायला एक मूल दारात उभं. चित्रकला, गाणी आणि हस्तकला मात्र चालायची. चित्रं काढणाऱ्या पोरांपासून कुणाला काय धोका, असा त्या पहारेकऱ्यांचा हिशेब असावा. एरवी शाळेतसुद्धा चित्रकलेच्या तासाला असंच मोजतात, नाही का? पोर्शन मागे पडला की पहिला बळी त्याच तासाचा.

आता पेत्रकडे येऊ. मुलांची वसतिगृहं होती, त्यातलं एक जुन्या शाळेच्या इमारतीत. तिथल्या एक नंबरच्या खोलीत तो राहायचा. या पोरांची जबाबदारी होती वाल्तर आयसिंगर नावाच्या तरुण शिक्षकावर. साहित्य शिकवणारा माणूस. तो मुलांसोबत त्याच खोलीत झोपायचा. त्याच्या प्रोत्साहनाने मुलांनी आपलं छोटं प्रजासत्ताक काढलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये साप्ताहिक सुरू केलं. नाव ‘वेदेम’. आपल्या वेदांशी काही संबंध नाही हं, चेक भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘आम्ही आघाडीवर’ असा होतो. संपादक पेत्र, वय चौदा. प्रत एकच. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बंकवर बसायचे आणि ज्याने जे लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिले तीसेक अंक टाइप केलेले. मग रिबन संपली, आणि पुढचे हाताने लिहिले.

यात कविता आहेत, विनोद आहेत, एकमेकांची टिंगल आहे. मला सगळ्यात आवडतं ते पेत्रचं सदर. हा पोरगा तेरेझीनमध्ये फिरून बातमीदारी करायचा. बेकरीत गेला, अग्निशमन दलाकडे गेला, बाळंतिणींच्या खोलीत गेला, आणि प्रेतं जाळायच्या भट्टीवरही जाऊन आला. एखाद्या अंकाला मजकूर कमी पडला की घरून आलेल्या पार्सलातला खाऊ देऊन तो मित्रांकडून लेख मिळवायचा. उपाशी गावातलं मानधन होतं ते! तरीही नाहीच आलं काही, तर स्वतःच चार नावांनी लिहायचा. दीड वर्षात असं करत करत सुमारे ८०० पानं झाली.

मुलींच्या वसतिगृहात राहायची फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. आजचा एपिसोड खरं तर तिचा आहे.

फ्रीडल १८९८ साली व्हिएन्नात जन्मली. आई लहानपणीच गेली. वडील स्टेशनरीच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे घरात पैसा नसला तरी कागद-पेन्सिलींना तोटा नव्हता. पुढे ती जर्मनीत बाउहाउसला शिकली. डिझाइन शिकणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. तिथे योहानेस इटेन हा तिचा गुरू. त्याच्या वर्गाची सुरुवात श्वासाच्या आणि अंग मोकळं करायच्या व्यायामाने व्हायची, मग हातात कोळसा. फ्रीडलने फर्निचर केलं, कापड विणलं, नाटकांचे सेट केले, व्हिएन्नातल्या एका माँटेसरी बालवाडीची अंतर्गत सजावट केली. डाव्या विचारांची होती. १९३४ मध्ये तिला अटक झाली, सुटल्यावर ती प्रागला आली. तिथे जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. पॅलेस्टाइनला जायचा व्हिसा तिला मिळत होता. नवऱ्याला, पावेलला सोडून जायला ती तयार झाली नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझीनला जायचा हुकूम आला. माणशी ५० किलो सामान. विचार करा, तुम्ही काय भराल? लोकांनी गरम कपडे भरले, भांडी भरली, सुकं खाणं भरलं. तिने रंग आणि कागद भरले. चादरी रंगवून घेतल्या, त्याही मुलांसाठी. हिरवी चादर अंगावर टाकली की नाटकात तिचं जंगल होतं.

तिचा तास कसा असायचा? आधी हाताला लय. ती टाळीवर किंवा शब्दांवर ताल द्यायची आणि मुलांनी त्या तालावर रेघा ओढायच्या. कधी जुन्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांकडे बघून काढायचं. कधी फुलदाणी. कधी कचेरीतल्या टाकाऊ फॉर्मचे आणि रंगीत कागदाचे तुकडे फाडून कोलाज. आज ते कोलाज पाहिले की घरांच्या खाली जर्मन तक्ते आणि छापील रकाने दिसतात. आणि कधी विषयच नाही, जे मनात येईल ते. मुलांनी काय काढलं? टेबल आणि वर दिवा. बंकची रांग. सर्कस. कुंपण. आणि घरं, पुन्हापुन्हा घरं, पडदे लावलेल्या खिडक्यांची.

१९४३ च्या उन्हाळ्यात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि फ्रीडलने तिथल्या शिक्षकांसमोर भाषण केलं. त्याचा गाभा असा होता, की प्रत्येक मुलाला चित्रकार करायला हा तास नाही. मुलाच्या आत जी कल्पना आणि स्वतःहून करायची ताकद असते ती मोकळी व्हावी, म्हणून हा तास आहे. मोठी माणसं मुलाच्या वाटेत घाईने आपलं मत आणून ठेवतात, ते करू नका.

इथे मला माझा चौथीतला तास आठवतो. निसर्गचित्र. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, चारच्या आकड्यासारखे पक्षी. तुम्हीही हेच काढलंय, मला माहितीये. मी नदीत एक बुडालेली एसटी काढली होती, कारण त्या पावसाळ्यात आमच्या पुलावरून पाणी गेलं होतं. गुरुजींनी खोडरबर घेतला, एसटी पुसली आणि स्वतःच्या हाताने तिथे होडी काढून दिली. होडी सुंदर होती. दहापैकी आठ मार्कही मिळाले. घरी गेल्यावर मी ते चित्र कुणाला दाखवलं नाही.

तेरेझीनमधल्या माझ्याच वयाच्या पोरांना कागद मिळत होता तो फॉर्मच्या पाठकोरा. पण त्यावर जे उमटायचं ते त्यांचं असायचं. आणि खाली त्यांचं नाव. फ्रीडल मुलांना चित्रावर नाव घालायला लावायची. बऱ्याच चित्रांवर वसतिगृहाचा आणि खोलीचा नंबरही आहे. ट्रान्सपोर्टच्या यादीत तुम्ही एक आकडा होता आणि त्या कागदावर तुमचं पूर्ण नाव. तिच्या स्वतःच्या तिथल्या चित्रांवर मात्र बऱ्याचदा सहीच नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण या विषयावरचे रील्स मला खटकतात. ‘कलेने त्यांना वाचवलं’ असं त्यात म्हणतात. नाही वाचवलं. सप्टेंबर १९४४ च्या अखेरीला पुन्हा ट्रान्सपोर्ट सुरू झाले आणि महिन्याभरात १८,००० हून जास्त माणसं ऑश्विट्झला गेली. पेत्र गेला, आयसिंगर गेला, फ्रीडलचा पावेल गेला. पेत्र सोळा वर्षांचा होता, त्याला गॅस चेंबरमध्ये मारलं. त्याच्या खोलीत राहून गेलेल्या शंभरेक मुलांतली पंधरा वाचली. आयसिंगरही परत आला नाही.

फ्रीडलचं नाव यादीत नव्हतं. नवऱ्यामागे जायला तिने स्वतःहून नाव दिलं. ६ ऑक्टोबरला तिची गाडी निघाली, ९ ऑक्टोबर १९४४ ला बिर्केनाउमध्ये तिला मारलं. पावेल दुसरीकडे कामाला लावला गेला होता. तो युद्धातून वाचला.

निघण्याआधी तिने मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. वसतिगृहातल्या मागे राहिलेल्या लोकांनी ती जपली आणि ऑगस्ट १९४५ मध्ये तिथल्या शेवटच्या प्रमुखाने, विली ग्रोगने त्या सुटकेस प्रागला ज्यू समाजाच्या कचेरीत नेऊन दिल्या. आत सुमारे ४,५०० चित्रं. ‘वेदेम’ची पानं खोलीतल्याच एका वाचलेल्या मुलाने लपवली होती, वडिलांच्या लोहारकामाच्या शेडमध्ये.

सुटकेस उघडल्यावर त्या नावांचं काम सुरू झालं. चित्रावरचं नाव घ्यायचं, ट्रान्सपोर्टच्या याद्यांमध्ये शोधायचं, पुढे तारीख लिहायची. सुमारे ६६० मुलांची नावं लागली. त्यातली ५५० मारली गेली होती. काही चित्रं आज प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये लावलेली आहेत. खालच्या मजल्यावर भिंतीभर मारल्या गेलेल्या लोकांची नावं, आणि वर मुलांची चित्रं.

तिथे शिकलेल्या ज्या मुली वाचल्या, त्यांनी म्हाताऱ्या झाल्यावर त्या तासाच्या आठवणी सांगितल्या. त्यांना रंगांची नावं आठवत होती, टाळी आठवत होती, आणि तेवढा वेळ आपण कुठे आहोत याचा विसर पडायचा हेही.

आणि प्रागमध्ये फ्रीडलसोबत पळून आलेल्या मुलांना शिकवणारी एक विशीतली मदतनीस होती, एडिथ क्रामर. ती १९३८ मध्ये अमेरिकेला निसटली. न्यूयॉर्कमध्ये ती बिथरलेल्या, घर सुटलेल्या मुलांना कागद आणि रंग द्यायला लागली. आज ज्याला आर्ट थेरपी म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या लोकांत तिचं नाव घेतात. आपल्याकडेही हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात कुणी क्रेयॉनचा डबा घेऊन बसलेलं दिसतं. ती पद्धत अशा लोकांकडून आली आहे.

पेत्रच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. कोलंबियाच्या अपघातानंतर त्याचं चंद्राचं चित्र जगभर बातम्यांत आलं. ते पाहून प्रागमधल्या एका माणसाला आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या वह्या आठवल्या. त्या पेत्रच्या निघाल्या. तेरेझीनला जायच्या आधीची त्याची डायरी त्यात होती. त्याची बहीण वाचली होती, इस्रायलमध्ये राहत होती. पेत्रचं अक्षर तिने ओळखलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.