आजची पलटण, कालचे रण

पानिपतावर भाऊसाहेबांच्या हाताशी आजची एखादी पलटण असती तर? हा प्रश्न मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाठ करता करता आपण प्रत्येकाने लहानपणी अब्दालीवर दोनचार मशीनगन रोखलेल्या असतात. फार काही नको. एक रणगाडा, दोन विमाने, एवढ्यावर काम भागेल, असा आपला हिशेब. पोटभर जेवून उठलेल्या मुलाचा तो हिशेब असतो, ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपल्याला शेवटी यायचेच आहे.

श्रोतेहो, गंमत अशी की हे स्वप्न एकट्या मराठी माणसाचे नाही. अमेरिकेत आणि जपानात या एका कल्पनेवर कथाकादंबऱ्यांची वेगळी शाखाच फुटलेली आहे. आजचे सैनिक आपल्या हत्यारांनिशी अकस्मात भूतकाळात जाऊन पडतात आणि मग काय घडते, एवढेच तिचे सूत्र. जाण्याचे कारण कसलेही चालते. वीज कडाडते, वादळ उठते, समुद्रावर चमत्कारिक ढग येतात. लेखक ते एका पानात उरकतो आणि वाचकही त्याला फारसा अडवत नाही. अडवायचे ते पुढे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मार्क ट्वेन. त्याची आर्थर राजाच्या दरबारात जाऊन पडलेल्या यांकीची कादंबरी १८८९ सालची. तिचा नायक शिपाई नाही. हार्टफर्ड गावच्या कोल्टच्या शस्त्रांच्या कारखान्यातला तो मुकादम. मारामारीत डोक्यात पहार बसते आणि डोळे उघडतो तो सहाव्या शतकातल्या इंग्लंडात. हा पठ्ठ्या तिथे शाळा काढतो, तारयंत्र बसवतो, वर्तमानपत्र छापतो. सगळी हसवणूक चालली आहे असे वाटत असतानाच शेवट येतो. विजेच्या तारांचे कुंपण आणि गॅटलिंग तोफा यांच्या बळावर पन्नासएक पोरे २५,००० चिलखती सरदारांचा निकाल लावतात. आणि मग? मग त्या विजयी वीरांना बाहेर पडायला वाट राहत नाही. भोवती प्रेतांचा कोट उभा, हवा कुजलेली. जिंकलेली पोरे आपल्याच विजयाने आजारी पडू लागतात. विनोदी लेखकाने हे लिहावे, आणि तेही पहिल्या महायुद्धाला पंचवीस वर्षे अवकाश असताना, याचे मला दर वाचनाला नवल वाटते.

ट्वेनचा मुकादम निदान हरहुन्नरी तरी होता. तोफेपासून शिवणयंत्रापर्यंत सारे हाताने करणारा. विसाव्या शतकातला शिपाई तसा कुठे असतो? हा प्रश्न पॉल अँडरसन या अमेरिकन लेखकाने १९५६ साली एका कथेत विचारला. आइसलंडमधल्या अमेरिकन तळावरचा एक तरुण वीज पडल्यासरशी हजार वर्षे मागे, दहाव्या शतकातल्या आइसलंडात जातो. कथा सांगतो तो त्याला आश्रय देणारा तिथला शेतकरी, आणि तीच कथेची खरी खुबी. पोरगा शिकलेला आहे, इंजिनियरी जाणतो. पण लोहाराच्या भट्टीपाशी उभा केला तर त्याच्या हातून काही धड होत नाही. लोखंडी पुलांच्या गोष्टी सांगतो. पण एवढे लोखंड आणायचे कुठून आणि त्याच्यावर राबायला माणसे कुठली? हत्यार घडवायला हत्यार लागते, ते घडवायला आणखी एक, आणि ही साखळी त्याच्या जन्मापूर्वी कुणीतरी तयार करून ठेवलेली. कमरेला पिस्तूल असते. एका झटापटीत त्याने तो माणूस मारतो, आणि मग तिथल्या कायद्याने वैर पाठीस लागते. गोळ्या मोजक्याच. शेवटी हातात न पेलणारी तलवार घेऊन तो मरतो. म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याची कीव येते. भविष्यातून आलेल्या माणसाची भूतकाळाला कीव यावी, हे या शाखेत फार थोड्यांना सुचले.

पुढे १९६३ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेत एक भाग झाला. रणगाडा घेऊन सरावाला निघालेले तिघे शिपाई १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईपाशी पोहोचतात, जिथे कस्टर हा सेनानी आपल्या तुकडीसह मूळ रहिवाशांच्या हातून मारला गेला. तिघे रणगाडा मागे ठेवून, बंदुका घेऊन लढाईत उडी घेतात, आणि नंतर त्यांची नावे आढळतात ती तिथल्या स्मारकाच्या दगडावर. रणगाडा नेला असता तर? मालिकेने तो प्रश्न हसत हसत हवेत सोडून दिला.

तो पुरता सोडवला जपानने. हानमुरा र्यो यांची ‘सेनगोकू जिएइताई’ ही कादंबरी १९७१ सालची; तिच्यावर १९७९ साली चित्रपट निघाला. नावाचा अर्थ ‘यादवीच्या काळातले स्वसंरक्षण दल’. जपानी कानाला हे नाव टोचणारे आहे. महायुद्धातल्या पराभवानंतर, १९४७ साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा हक्क सोडून दिला. १९५४ साली जे सैन्य पुन्हा उभे राहिले ते ‘स्वसंरक्षण दल’ या नावाने. म्हणजे रणगाडे आहेत, हेलिकॉप्टर आहे, कवायत रोजची आहे. लढाई तेवढी नाही. असे शिपाई लेखकाने उचलले आणि सोळाव्या शतकात नेऊन सोडले, जिथे लढाईखेरीज दुसरे काही नव्हतेच.

चित्रपटातला लेफ्टनंट इबा प्रथम परत जाण्याचा मार्ग शोधतो. मग त्याच्या मनात येते की, इतिहासाला जोराचा धक्का दिला तर काळ आपल्याला बाहेर फेकून देईल. खरी गोष्ट अशी की त्याला त्या काळाची चटक लागते. नागाओ कागेतोरा, म्हणजे पुढे उएसुगी केन्शिन म्हणून गाजलेला सरदार, त्याचा मित्र होतो, आणि दोघे ताकेदा शिंगेनवर चालून जातात. कावानाकाजिमाच्या रणावर या दोन सरदारांच्या १५५३ ते १५६४ या काळात खरोखरच पाच लढाया झाल्या. चित्रपटातल्या लढाईत मशीनगनपुढे माणसे गवतासारखी पडतात. पण ताकेदाची माणसे मरतात, मागे सरतात, युक्ती बदलतात आणि पुन्हा येतात. इकडे मेलेल्याच्या जागी दुसरा शिपाई येत नाही. संपलेल्या गोळीच्या जागी दुसरी गोळी येत नाही. वाहने एकेक करून निकामी होतात. इबा शिंगेनचे मस्तक मिळवतो खरे, पण आता त्याच्याजवळ उरले काय? मूठभर दमलेली माणसे. आणि मग तो मित्र कागेतोराच त्यांचा काटा काढतो. मैत्री रणगाड्याशी होती, इबाशी नव्हती. पलटणीतला एक जवान मात्र आधीच बंदूक सोडून एका शेतकरणीच्या घरी तिच्या पोरांत राहून गेलेला असतो. तो तेवढा जगतो.

त्याच जपानात, कादंबरीत नव्हे तर प्रत्यक्षात, भविष्यातले हत्यार येऊन पडले होते. १५४३ साली तानेगाशिमा या दक्षिणेकडच्या बेटावर काही पोर्तुगीज उतरले. त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. तिथल्या तरुण जहागीरदाराने त्यांतल्या दोन विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला सांगितले, ‘अशी कर.’ नळी त्याला जमली, कारण तलवारी घडवणाऱ्यांच्या देशात लोखंडाची जाण पिढीजात होती. अडले ते नळीचे मागचे तोंड बंद करण्यापाशी. तिथे पेच लागतो, आणि आट्यांचे काम त्या लोहाराने कधी केले नव्हते. पुढल्या वर्षी पोर्तुगीज जहाजातून एक कारागीर आला तेव्हा ते कोडे सुटले. त्यानंतर तीसएक वर्षांनी, १५७५ साली, नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकवाल्यांनी ताकेदांचे घोडदळ उधळले. म्हणजे पाहा, बंदुका दोनच आल्या होत्या. पण त्यांच्यापाठोपाठ एक पेच आला, आणि तो पेच समजून घेणारा लोहार बेटावर आधीपासून बसलेला होता.

ही गोष्ट नेमकी ओळखली ती एरिक फ्लिंट या अमेरिकन लेखकाने. त्याच्या २००० साली निघालेल्या ‘१६३२’ या कादंबरीत पलटण नाहीच. वेस्ट व्हर्जिनियातले एक खाणकामगारांचे गाव अख्खेच्या अख्खे उचलून तीस वर्षांच्या युद्धात होरपळणाऱ्या जर्मनीत, १६३१ सालात ठेवले आहे. फ्लिंट स्वतः कामगार चळवळीत वावरलेला माणूस. त्याच्या गावात शिकारीच्या बंदुका आहेत, पण कोळसा, वीजघर, यंत्रशाळा, शाळामास्तर आणि ग्रंथालयही आहे. गावकरी पहिल्याच दिवसांत ठरवतात की आपली यंत्रे फार दिवस टिकणार नाहीत. तेव्हा ती चालू आहेत तोवर त्यांच्या जोरावर एक पायरी खाली उतरून, आपल्याला पुन्हा करता येतील अशी साधी यंत्रे करून घ्यायची. लढाया या कादंबरीत आहेतच आणि त्या चवीने लिहिल्या आहेत. पण मला रस वाटला तो खिळ्यामोळ्यांच्या या हिशेबात. या शाखेतल्या कितीतरी पुस्तकांत शेवटच्या पानापर्यंत दारूगोळा संपतच नाही, आणि ती पुस्तके मग परीकथांहून वेगळी राहत नाहीत.

हत्यार कुणाच्या हाती पडते हा आणखी एक प्रश्न. हॅरी टर्टलडव्हच्या १९९२ सालच्या कादंबरीत दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेष्टे गोरे भविष्यातून येऊन १८६४ साली जनरल ली याला एके-४७ बंदुका पुरवतात. हेतू हा की गुलामगिरी राखणारा पक्ष जिंकावा. उलट, काही लेखक हत्यार हाती देऊन हात बांधून ठेवतात. १९८० सालच्या एका अमेरिकन चित्रपटात ‘निमित्झ’ ही विमानवाहू नौका पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी, ६ डिसेंबर १९४१ ला जाऊन पोहोचते, विमाने उडतात, आणि घाव घालण्याआधीच वादळ तिला परत घेऊन जाते. प्रेक्षक चडफडतो. कावागुची काइजी यांची ‘झिपांग’ ही चित्रकथा २००० ते २००९ या काळात चालली. तिच्यातली ‘मिराई’ ही जपानी विनाशिका १९४२ च्या मिडवेपाशी जाते. इतिहासात हात घालायचा नाही असे ठरते, आणि समोर एक माणूस बुडताना दिसतो. खलाशी त्याला वर ओढतात. तेवढ्याने इतिहास वाकतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिले, त्यात त्यांना रणगाडा लागला नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी किंचित बाजूने जाते, एवढाच फरक, आणि हिंदुस्थानचा इतिहास निराळ्या वाटेला लागतो. आपले बाळपणीचे स्वप्न याहून पुष्कळच आडदांड होते. ते एकदा ताडून पाहू. अमेरिकेच्या एब्रम्स रणगाड्याच्या टाकीत सुमारे १,९०० लिटर इंधन बसते आणि त्यावर तो चारशेएक किलोमीटर चालतो. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतूराहून निघाले. त्यांच्यासोबत हा रणगाडा निघाला असता तर नर्मदेच्या काठाशी थांबला असता, आणि पुढे तो ओढायला बैलच जुंपावे लागले असते.

आणि आधुनिक पलटण भाऊसाहेबांजवळ नव्हती असे तरी कुठे आहे? फ्रेंचांच्या पद्धतीने शिकवून तयार केलेले इब्राहिमखानाचे गारदी त्या काळाच्या मानाने उद्याचेच सैन्य होते. त्या दिवशी समोरच्या रोहिल्यांची त्यांनी दाणादाण उडवली. पण महिनोन् महिने पानिपतावर कोंडलेल्या त्या छावणीत धान्य उरले नव्हते. दुआबातून रसद पुरवण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबर १७६० मध्ये तेही मारले गेले. उपाशी माणसे लढायला बाहेर पडली.

त्या रणातून पाय जायबंदी होऊन एक जण वाचला, महादजी शिंदे. त्यांनी १७८४ साली द बॉयन् या सेनानीला चाकरीत घेतले, तेव्हा नुसत्या बंदुका आणि कवायत घेतली नाही. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला; सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस तो पाहत असे. १७९० साली पाटण आणि मेडता इथल्या लढाया या पलटणींनी जिंकल्या. त्यांच्या खर्चासाठी महादजींनी द बॉयन्‌ला मुलूख तोडून दिला तो दुआबातलाच, ज्या दुआबाचे धान्य तीस वर्षांपूर्वी पानिपतापर्यंत पोहोचले नव्हते. तिथल्या साऱ्यातून शिपायांचा पगार वेळच्या वेळी होई.