दुर्रूशेहवार (नाव)

दुर्रूशेहवार हे स्त्रियांचे एक दुर्मीळ तुर्की नाव आहे. 'राजाला शोभेल असा मोती' असा त्याचा अर्थ होतो. शेवटचे उस्मानी खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांच्या कन्या दुर्रूशेहवार सुलतान (२६ जानेवारी १९१४ – ७ फेब्रुवारी २००६) यांच्यामुळे हे नाव भारतात परिचित झाले. हैदराबाद संस्थानच्या युवराजांशी विवाह झाल्यामुळे त्या पुढे 'प्रिन्सेस ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडच्या युवराज्ञी, म्हणून ओळखल्या गेल्या.

व्युत्पत्ती

नाव तुर्की असले, तरी त्याचा एकही घटक मूळचा तुर्की नाही. 'दुर्र' (मोती) हा शब्द अरबी, तर 'शहवार' (राजास योग्य) हा फारसी आहे. या दोहोंना जोडणारा स्वर ही फारसीतील इजाफत होय. 'दिवाण-ए-खास' यातील 'ए' तोच. उस्मानी दरबारात अशी अरबी-फारसी जोडनावे प्रतिष्ठेची मानली जात. तुर्की भाषेचा स्वतःचा 'मोती' या अर्थाचा शब्द 'इन्जी' असून तोही मुलींचे नाव म्हणून वापरतात. मराठीतील 'मुक्ता' हे नाव याच अर्थाचे आहे.

उच्चार

तुर्की उच्चारात दुर्‌-रू-शेह्‌-वार अशी चार अक्षरे होतात. पहिल्या दोन अक्षरांतील स्वर मराठीत नाही. ओठ 'उ'साठी करतो तसे गोल ठेवून जीभ 'इ'च्या जागी नेली, की तो स्वर साधतो. 'र' चे द्वित्व 'सर्रास' या शब्दाप्रमाणे स्पष्ट उच्चारावे. 'ह' गाळू नये.

तुर्कीत शब्दातील एक स्वर पुढच्या स्वराला आपल्यासारखा करून घेतो. या स्वरसंगतीमुळे मूळचे 'दुर्र-इ' हे 'दुर्रू' असे झाले. उर्दूत मात्र इजाफत कायम राहिली आणि तेच नाव 'दुर्र-ए-शहवार' असे उच्चारले जाते. अरबी लिपीत दोन्हींचे लेखन सारखेच असते. त्यामुळे यांतील एक रूप शुद्ध आणि दुसरे अपभ्रष्ट असे म्हणता येत नाही.

नावापुढील 'सुलतान' या शब्दामुळे मराठी वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. उस्मानी प्रथेनुसार हा शब्द पुरुषाच्या नावाआधी आला, तर शासक आणि स्त्रीच्या नावानंतर आला, तर राजकन्या असा अर्थ होतो.

वऱ्हाडशी संबंध

मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द करून राजघराण्याला हद्दपार केले. त्या वेळी दुर्रूशेहवार दहा वर्षांच्या होत्या. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे त्यांचा विवाह सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. निजामांनी त्यांना 'दुर्दाना बेगम' ही उपाधी दिली. 'दुर्दाना' म्हणजे मोत्याचा दाणा. नव्या घराने दिलेल्या नावातही मोती टिकला. तरीही लोकांत त्यांचे माहेरचे नावच रूढ राहिले.

१९३६ मध्ये निजाम आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार होऊन वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करण्यात आले. त्यानंतर आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. प्रत्यक्षात अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा कारभार ब्रिटिशांच्याच हाती होता. अशा रीतीने आपला देश गमावलेल्या राजकन्येच्या नावाला एका मराठी मुलखाचे नाव जोडले गेले, पण त्या मुलखावर तिच्या घराण्याची सत्ता नव्हती.

प्रसार

तुर्कस्तानात हे नाव आज क्वचितच आढळते. याउलट, आझम जाह यांचे धाकटे बंधू मुअज्जम जाह यांच्या पत्नी निलोफर यांचे नाव तुर्कस्तानात आणि भारतातही सर्वपरिचित आहे. 'निलोफर' हा शब्द फारसीमार्गे संस्कृत 'नीलोत्पल'पर्यंत पोहोचतो. उच्चारायला सोपे आणि आटोपशीर असल्याने ते भारतीय जिभेवर सहज रुळले. 'दुर्र-ए-शहवार' हे उर्दू रूप पाकिस्तानात मुलींसाठी वापरले जाते; २०१२ मध्ये याच नावाची दूरचित्रवाणी मालिकाही तेथे प्रसारित झाली. हैदराबादेत पुरानी हवेली भागातील एक रुग्णालय दुर्रूशेहवार यांच्या नावाने ओळखले जाते.

मराठी लेखन

मराठीत 'दुर्रूशेहवार', 'दुरुशेवार' आणि 'दुर्रेशहवार' अशी रूपे संभवतात. पहिले रूप तुर्की उच्चाराला, तर तिसरे उर्दू उच्चाराला जवळचे आहे. दुसऱ्या रूपात 'र' चे द्वित्व आणि 'ह' दोन्ही गळतात व त्यामुळे 'दुर्र' आणि 'शहवार' हे मूळ घटक ओळखता येत नाहीत.