अमुक, काश्यप आणि रिकामी जागा

संकल्पाच्या पोथीत 'अमुक गोत्रोत्पन्न', 'अमुक शर्मा' असे छापलेले असते. 'अमुक' हा जागा राखणारा शब्द. म्हणताना तिथे यजमानाचे गोत्र आणि नाव घालायचे. यजमानाला गोत्रच ठाऊक नसेल तर? परंपरेचे उत्तर तयार आहे : काश्यप म्हणावे. संकल्प अडत नाही. मात्र खरा काश्यप कोण आणि सोयीचा कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

संगणकाच्या आज्ञावल्यांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९६५ साली टोनी होर यांनी अल्गॉल-डब्ल्यू भाषेत 'नल', म्हणजे कशाकडेच न दाखवणारा निर्देश, आणला. करायला सोपा म्हणून आणला, असे त्यांनीच पुढे सांगितले आणि २००९ साली त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. सी भाषेत साच्यात शब्द बसवणारी 'प्रिंटएफ' ही सोय आहे. तिथे शब्दाऐवजी नल गेला तर काय व्हावे, हे प्रमाण सी भाषेने ठरवलेलेच नाही : कुठे कंसात 'नल' छापले जाते, कुठे आज्ञावली कोसळते. पायथन (१९९१) थोडी शहाणी. साच्यातले नाव पुरवलेच नाही, तर ती चूक दाखवून थांबते. पण 'काही नाही' या अर्थाचे 'नन' हे मूल्य पुरवले, तर तोच शब्द बिनदिक्कत छापते.

डोंबिवलीच्या एका शाळेत बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर एका मुलीच्या नावात, वडिलांच्या जागी, रोमन अक्षरांत 'नन' आले. आईने तो रकाना मुद्दामच कोरा ठेवला होता. मुले हसली. कुणी सुचवले, मामाचे नाव घाला. हा पुन्हा काश्यपच!

कोऱ्या जागेचे अर्थ वर्गात उलगडायला उल्हासनगर बरे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वसाहतीला हे नाव मिळाले. लोकसंख्येच्या तक्त्यात १९४१ च्या रकान्यात तिच्यापुढे शून्य लिहिले, तर 'शहर होते, माणूस नव्हता' असा अर्थ होईल. तिथे आडवी रेघ हवी, आणि 'मोजणी झाली, आकडा हरवला' यासाठी निराळी खूण. सरासरी काढायला सांगा : शून्य हिशेबात धरावे लागते, रेघ नाही. मुले इथे हमखास भांडतात, भांडू द्यावे.

प्रमाणपत्राची दुरुस्ती दोन ओळींची होती. मधले नाव नसेल तर ते गाळायचे, आणि त्यामागची मोकळी जागाही. नाहीतर दोन शब्दांमधली ती रुंद फट सगळे सांगून टाकते.