पाऊणकी आणि पाणी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की पुढे समुद्राच्या कडेने चौक आणि पाली ही गावं येतात. पालीत आता संध्याकाळी पोरं पाठीला दप्तर अडकवून क्लासला निघतात आणि जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी ही थेरं नव्हती. मी पालीतच वाढलो, पुढे हयातभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. माझं मत उलटं आहे. शाळा सुटल्यावर शिकणं आमच्याकडे जुनंच आहे, किंबहुना शाळाच त्यामानाने अलीकडची.

१५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे उत्तन-पालीच्या या धारावी बेटावरची कोळी घरं ख्रिस्ती झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच मोहिमेत इथला धारावीचा किल्लाही मराठ्यांनी घेतला होता. चौकला आज अप्पांचं स्मारक आहे ते त्या आठवणीचं. परदेशी पाद्री गेले, स्थानिक पाद्र्यांवर सगळा भार आला. एवढ्या उलथापालथीत प्रार्थना टिकल्या त्या घराघरांतून, असं मी मानतो. दिवेलागणीला चर्चची घंटा वाजली की रोझरी, आणि पेंगणाऱ्या पोरानेही ओठ हलवायचे. पाठांतराची सवय आमच्या घरात अशी लागली.

इतर मराठी घरांत त्याच वेळी शुभंकरोती आणि परवचा चालायचा. बे एके बे पासून तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, मग तिथी, महिने, नक्षत्रं. पंतोजीने दिवसा छडीच्या धाकाने घोकून घेतलेलं संध्याकाळी घरच्या म्हाताऱ्यांपुढे पक्कं व्हायचं. आमच्याकडे रोझरी संपली की हाच परवचा सुरू. देव वेगळा, पाढे तेच. आजा भिंतीला टेकून बसायचा आणि विचारायचा, ‘पाच पाऊण?’ ‘पावणेचार,’ मी म्हणायचो. त्यावर त्याचा खरा प्रश्न यायचा: ‘मग पंचमीला पाणी कधी?’

कोळ्याच्या घरात पाऊणकीला एवढा मान का, ते इथे कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पालीचा धंदा डोळीवरचा. डोळ म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. मुखाशी आस मोठी, मागे मागे बारीक होत जाते आणि शेवटच्या खोल्यात बोंबील, जवळा, करंदी साठते. पाणी जोरात असताना जाळं उचलता येत नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये ते थबकतं, तेवढ्या वेळात काम उरकायचं असतं. वेळ चुकली तर खेप फुकट. म्हणून ख्रिस्ती घरातल्या पोरालाही तिथी तोंडपाठ असायची.

गणिताचा मास्तर झाल्यावर मी हे सूत्र तपासलं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते. म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पंधरा तिथींना बरोब्बर बारा तास. पाऊणकीने मात्र तिथीमागे पंचेचाळीसच मिनिटं मिळतात, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास कमी पडतो. शिवाय उधाणात पाणी थोडं लवकर सरकतं, भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीत, जास्त रेंगाळतं. खरं तर पाऊणऐवजी चार पंचमांश धरायला हवेत. पण चार पंचमांशाचा पाढा कुठल्या अंकलिपीत आहे? माझा तर्क असा की घरात जो पाढा पाठ होता त्यानेच समुद्र मोजला गेला. उरलेली तूट आजा नजरेने भरून काढायचा, ‘थोडा दम धर’ म्हणून.

दुसरा वर्ग आईचा. ती मासे विकून आली की रिकामी पाटी कोपऱ्यात उलटी ठेवायची आणि ओच्यातली नाणी जमिनीवर ओतायची. आम्ही भावंडांनी ढीग लावायचे: चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. इथे पावकी आणि निमकी लागायची. पाव रुपया म्हणजे चार आणे हे त्या ढिगांतून कळलं, पुस्तकातून नाही. आई स्वतः शाळेत गेलेली नव्हती, पण तिचा हिशेब चुकल्याचं मला आठवत नाही. घरी शिकवणाऱ्या बाईमाणसांची नोंद शिक्षणाच्या इतिहासात कोणी ठेवली नाही, ही तक्रार मी इथे मांडून ठेवतो.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि जमिनीवरचा वर्ग बिघडला. रुपयाचे शंभर पैसे झाले, चार आण्यांचे पंचवीस. पण एका आण्याचे सरकारी कोष्टकात सहाच, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस. चार गिऱ्हाइकांना आण्या-आण्याचा वाटा विकला तर हाती चोवीस पैसे यायचे, एकाच गिऱ्हाइकाला चार आण्यांचे मासे दिले तर पंचवीस. एक पैसा गेला कुठे, यावर आईचा आणि माझा बराच वाद चालायचा. मी तिला कोष्टक दाखवायचो, ती म्हणायची कोष्टकवाल्याला बाजारात पाठव. अपूर्णांक पूर्णांकात बसवताना काय सांडतं, हे मी पुढे वर्गात शिकवलं ते याच पैशाच्या उदाहरणाने.

त्यानंतर काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले. पावकी-निमकी विचारणारा बाजारच राहिला नाही, तशी शाळेनेही ती हळूहळू सोडली. गावोगावच्या घरांतला परवचा मागे पडला त्याचं खापर सगळे रेडिओ-टीव्हीवर फोडतात. मला तेवढंच कारण पटत नाही. सोळा आण्यांचा रुपया गेला तेव्हाच त्याचा अर्धा आधार गेला होता.

पालीत पाऊणकी मात्र आणखी बरीच वर्षं चालली, कारण समुद्राला दशमान पद्धत लागू झाली नव्हती. १९७३ पासून कालनिर्णय निघू लागलं, तेव्हा तिथी भिंतीवर वाचता येऊ लागली आणि पाठांतराचा निम्मा बोजा उतरला. होड्यांनाही इंजिनं आली, मग जीपीएस आलं, आता भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिनिटासकट मिळतं. त्यात आमच्या पाऊण तासाची तूट नाही. माझा नातू तेच बघतो. क्लासमध्ये त्याला अपूर्णांक आहेत, चार पंचमांशसुद्धा आहेत, आणि ते कशाचे असतात विचारलं की तो पिझ्झाचं चित्र दाखवतो. मी त्याला तिथी विचारतो. तो फोन काढतो, तिथी सांगतो आणि वर मलाच विचारतो, ‘आजोबा, भरती किती वाजता, सांगा बघू?’ मी सांगतो. फोनशी ताडून बघितल्यावर तो म्हणतो, वीस मिनिटं चुकलं. मग त्या वीस मिनिटांचं काय झालं, हे शोधायला आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसतो.