पेशीच्या पोटांतील भिंत

तळवड्याभोंवतीं आज कारखान्यांची दाटी झाली असली, तरी चाकणचा कांद्याचा बाजार तेथून फार दूर नाहीं. त्या बाजारांतला एक कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवला कीं, थोड्याच दिवसांत त्याच्या बुडाला पांढरीं मुळें फुटतात. मुळाच्या टोंकाशीं एका पेशीच्या दोन होत असतात. प्राण्याची पेशी मध्यें आवळत जाऊन दुभंगते. वनस्पतीच्या पेशीभोंवतीं कठीण तट असल्यामुळें तिला तें साधत नाहीं. ती आपल्या पोटांतच नवी भिंत घालते, आणि तीही मध्यापासून कडेकडे! आपल्याकडील गवंडी ही रीत ऐकून हंसेल.

ह्या भिंतीचा माल कोठून येतो? १८९८ सालीं इटलींत पाव्हिया येथें कामिल्लो गॉल्जी ह्यांनीं घुबडाच्या मज्जापेशींत एक बारीक जाळें पाहिलें. तें खरें, कीं रंगद्रव्यानें झालेला भास, ह्यावर विद्वान अर्धें शतक भांडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तो वाद १९५० नंतर मिटविला. १९६३ सालीं अमेरिकेंत व्हेली व मोलेनहॉवर ह्यांनीं असें सुचविलें कीं, गॉल्जीच्या ह्या यंत्रणेंतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्याच मध्यभागीं जमून व एकमेकींत मिसळून नवी भिंत घडवितात.

परंतु त्यांना मिसळवितो कोण? जर्मनींत गेर्ड युर्गेन्स ह्यांनीं पूर्वीं फळमाशीच्या गर्भांतील दोष अभ्यासिले होते. तीच रीत त्यांनीं मोहरीच्या कुळांतील आराबिडॉप्सिस ह्या क्षुद्र तणाला लावली, आणि १९९१ सालीं त्यांच्या मंडळींनीं त्याचीं अनेक बेढब रोपें वर्णिलीं. त्यांतलें एक ‘क्नोल्ले’, म्हणजे कंद. असलें रोप माळी उपटून फेकील. येथें मात्र तें स्वतः जगत नसल्यामुळें, दोष गुप्तपणें वाहणाऱ्या त्याच्या निरोगी भावंडांच्या बियांतून वंश राखावा लागला. माझ्या मतें ह्या इतिहासांतील खरी चिकाटी ती हीच.

१९९६ सालीं त्या जनुकाचा छडा लागला. त्याच्यापासून होणारें प्रथिन, मज्जातंतूच्या टोंकाशीं पिशव्या रित्या करविणाऱ्या प्रथिनांच्या नात्यांतलें निघालें! पुढल्याच वर्षीं दिसून आलें कीं, तें नसल्यास पिशव्या भिंतीच्या जागीं येतात, ओळीनें उभ्याही राहतात, पण मिसळत नाहींत. भिंत अर्धवट राहते, एकाच पेशींत अनेक केंद्रकें कोंडलीं जातात. निरोगी रोपांत तें प्रथिन पेशी दुभंगण्याच्या वेळींच जमतें, आणि भिंत पुरी होतांच पेशी त्याला मोडून टाकते.