औद्योगिक कामगारांच्या वितरणातील प्रादेशिक विषमता (महाराष्ट्र)

राज्याच्या निरनिराळ्या विभागांत कारखानदारीतील रोजगार असमान प्रमाणात असण्याची स्थिती. तिचा उगम मुंबई बंदरात आहे. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये तेथे कापड गिरणी कंपनी स्थापली. भांडवल, रेल्वे आणि 1915 पासून खोपोलीची जलविद्युत यांमुळे कारखाने तेथेच दाटले (पहा : कापड उद्योग). नागपूरची एम्प्रेस मिल (1877) निघूनही विदर्भात तसे जाळे उभे राहिले नाही.

मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्यात संघटित कामगारांचे केंद्रीकरण हे मुख्य लक्षण. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात मात्र मुख्यतः सरकी काढून गाठी बांधण्याचेच काम उरते आणि जिनिंगमधील मजुराला ते हंगामाचे काही महिनेच मिळते. सूत, कापड व तयार कपड्यांचा बारमाही रोजगार बहुतांशी अन्यत्र जातो. मराठवाड्यातील कारखानदारीही मुख्यतः छत्रपती संभाजीनगर–वाळूज परिसरात एकवटली आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (1962) व सामूहिक प्रोत्साहन योजना (1964) यांचा हेतू विकेंद्रीकरणाचा होता. प्रत्यक्षात बराचसा विस्तार महानगरांच्या कडेलाच झाला. दांडेकर समिती (1984) व केळकर समिती (2013) यांनी प्रादेशिक असमतोलाची मोजणी केली (पहा : अनुशेष). कारखाना अधिनियम, 1948 च्या मूळ व्याख्येत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान 10 आणि विजेविना 20 कामगारांची अट होती. त्यामुळे घरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया व लहान यंत्रमागांवरील कामगार नोंदीबाहेर राहतात (पहा : असंघटित कामगार).