अवधानाची पापणी

मावळच्या पश्चिम सीमेवर, जेथे सह्याद्रीचा माथा संपून बोरघाटाची उतरण लागते, त्या लोणावळ्यास 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हा योगाला प्रयोगशाळेपुढे साक्षीस उभे करण्याचा त्यांचा निश्चय आधीच झालेला होता. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे बडोद्यास राजरत्न माणिकरावांपाशी व्यायाम आणि मालसरला माधवदासजी महाराजांपाशी योग शिकले होते. नौली ही पोटाची योगक्रिया करताना गुदमार्गाने पाणी वर चढते ते कोणत्या कारणाने, याची खातरजमा त्यांनी क्ष-किरणे आणि दाबमापक यांच्या साहाय्याने केली, आतड्यात वातावरणाहून कमी दाब उत्पन्न होतो असे मोजून दाखविले, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. जेवढे मोजले तेवढेच सिद्ध मानावे, ही त्यांची शिस्त. अवधानाविषयीच्या ज्या शोधाची कुळकथा येथे सांगावयाची आहे तो लोणावळ्यात लागलेला नाही. परंतु त्याचा आणि आपल्या त्राटकाचा संबंध कितपत आहे हे ठरविताना या शिस्तीवाचून गत्यंतर नाही.

त्राटक म्हणजे एखाद्या सूक्ष्म लक्ष्याकडे, पापणी न लववता, डोळ्यांतून अश्रू येईपर्यंत पाहत राहणे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत त्याची गणना षट्कर्मांत, म्हणजे धौती, बस्ती, नेती यांच्या पंक्तीला, केलेली आहे. ध्यानाच्या प्रकरणात नव्हे. नेत्ररोगांचा नाश आणि तंद्रेचे निवारण ही त्याची फळे ग्रंथकाराने सांगितली आणि ही क्रिया सोन्याच्या पेटीसारखी जपावी असे बजावले. स्मरणशक्ती, एकपाठीपणा, एकाच वेळी अनेक गोष्टी टिपण्याचे सामर्थ्य, असे जे लाभ आज त्राटकाच्या नावावर जमा केले जातात, ते त्या मूळ दप्तरात नाहीत.

पश्चिमेकडे अवधानाचा विषय अगदी निराळ्या वाटेने वाढला. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने मूठभर काळ्या घेवड्याच्या बिया एका पेटीत टाकाव्या, आणि त्या स्थिर होतात न होतात तोच किती पडल्या ते न मोजता सांगावे, असा उद्योग हजारावर वेळा केला व 1871 साली प्रसिद्ध केला. चार बियांपर्यंत तो चुकला नाही; पाचापासून चुकू लागला. दृष्टीच्या एका झेपेत किती मावते याचा हा हिशेब झाला. परंतु एकामागून एक येणाऱ्या वस्तूंपैकी किती हाती लागतात, हा प्रश्न त्यानंतर शतकभराने ऐरणीवर आला. 1987 मध्ये डोनाल्ड आणि मार्गारेट ब्रॉडबेंट या दांपत्याने झपाट्याने सरकणाऱ्या शब्दांपैकी पहिला लक्ष्यशब्द ओळखणारा दुसऱ्याला मुकतो असे दाखविले. आणि 1992 साली कॅनडातील कॅल्गरी येथे जेन रेमंड, किमरॉन शापिरो व कॅरन आर्नेल यांनी त्या त्रुटीला ‘अवधानाची पापणी लवणे’ (अटेन्शनल ब्लिंक) हे आजचे नाव दिले. त्यांची तजवीज साधी होती. पडद्यावर एकाच जागी सेकंदाला सुमारे अकरा या वेगाने काळी अक्षरे उमटावयाची. त्यांतले एकच पांढरे, ते ओळखावयाचे. त्यानंतर ‘एक्स’ हे अक्षर येऊन गेले की नाही तेही सांगावयाचे. पांढऱ्या अक्षरानंतर सुमारे दोन ते पाच दशांश सेकंदांच्या अवधीत ‘एक्स’ आला, तर अनेकदा तो दिसलाच नाही असा जबाब मिळे. आणि त्याच माणसांना पांढऱ्या अक्षराची पर्वा करू नका असे सांगितले, की तोच ‘एक्स’ त्यांना बहुधा बिनचूक सापडे! डोळे उघडे, प्रकाश पुरेसा, पापणीही न लवलेली; लवली होती ती अवधानाची पापणी.

मला या शोधातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच, की दोष नेत्रांचा नसून नियुक्तीचा आहे. एकाच शिक्क्यावर चालणाऱ्या कचेरीत पहिल्या अर्जावर कारकून गुंतलेला असता दुसरा अर्ज रुजू होण्याआधीच परत जावा, तसे हे घडते. त्यातही विलक्षण असे, की पहिल्याच्या अगदी पाठोपाठ आलेले अक्षर बहुधा निसटत नाही. दार लोटण्याआधी ते आत शिरलेले असते. पुढे 2005 मध्ये ऑलिव्हर्स आणि न्यूवेनहाउस यांना आढळले, की मन थोडेसे इतरत्र, उदाहरणार्थ संगीताकडे, गेलेले असताना ही त्रुटी कमी होते; म्हणजे अतिप्रयत्न हेच तिचे एक कारण असावे.

दोन वर्षांनी, 2007 साली, हेलीन स्लाग्टर आणि रिचर्ड डेव्हिडसन प्रभृतींनी तीन महिने विपश्यनेचा सखोल अभ्यास केलेल्या साधकांची परीक्षा घेतली. त्यांना दुसरे लक्ष्य पूर्वीपेक्षा अधिक वेळा दिसू लागले होते, आणि पहिल्या लक्ष्यावर मेंदूचा होणारा व्यय, विद्युत्‌लेखावरून पाहता, घटला होता.  

परंतु विपश्यनेची फलश्रुती त्राटकाच्या खात्यावर लिहून घेणे मला मान्य नाही. विपश्यनेत उठणाऱ्या प्रत्येक संवेदनेला पाहून सोडून द्यावयाचे असते. त्राटकात एकाच लक्ष्याला धरून ठेवावयाचे असते. आणि ही आंतरिक पापणी तर पहिल्या लक्ष्याला घट्ट धरल्यानेच लवते. त्राटकाचे गुण असतील तर ते स्वतंत्र प्रयोगाने, स्वतंत्र साक्षीने सिद्ध व्हावे. नौलीच्या बाबतीत कुवलयानंदांनी अनुमानावर विसंबून निवाडा दिला नव्हता.

तोवर अवधानाच्या या मर्यादेला मान देणेच शहाणपणाचे. बोरघाटातील लोहमार्गावर घाट उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंगची योजना आहे: गाडी पूर्ण थांबल्याखेरीज सांधा मुख्य मार्गाला मिळत नाही, आणि न थांबलेली गाडी चढावाच्या रुळावर जाते. माणसाच्या सावधपणावर सर्वस्व न सोपविणारी ही दूरदृष्टी शेजारच्या द्रुतगती मार्गावरील चालकाला स्वतःच्या हातांनी राखावी लागते. प्रयोगशाळेतील अक्षरे आणि रस्त्यावरील वाहने एक नव्हेत, हे खरे; तरी ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अर्ध्या सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा वाचकहो, पुण्याहून मुंबईकडे जाताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर आपल्या नजरेच्या भरवशावर कमी करू नका.